असिलतेच्या गालावरचा व्रण

पेंटर पहिल्या भेटीत कुणाचं नाव विचारत नसत. अंगावरची खूण विचारत. शाहूपुरीतल्या त्या छापखान्यात मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला जिन्यातच अडवलं, मान वाकडी करून माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हनुवटीवर काय झालंय गं?"

"लहानपणी पडले होते."

"कशावर?"

"दगडी पायरीवर."

"कुणी ढकललं?"

मला चुलतभावानं ढकललं होतं. पण ते आमच्या घरातही कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मी हनुवटीवर हात ठेवला. पेंटर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि पायऱ्या चढून निघून गेले.

पुढं कळलं की ते सगळ्यांनाच असं विचारतात. पोस्टमनच्या अंगठ्याला नख का नाही, चहावाल्याची भुवई मधूनच का तुटली आहे, बँकेतल्या साहेबांच्या कपाळावर टाके कसले. काहीजण हसायचे, काहीजण चिडायचे. "तुमाला काय करायचं हाय, पेंटर?" असं कुणी फटकारलं की ते शांतपणे म्हणायचे, "काय करायचं न्हाई. दिसलं म्हणून विचारलं."

मी आजऱ्याची. छापखान्याचे मालक अण्णा हेही आजऱ्याचेच. त्यांच्या भावांचा तिकडं काजूचा कारखाना होता. गावी आईशी ते कानडी बोलायचे, दुकानात मराठी. अण्णा लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापायचे, पण त्यांचा जीव गोष्टींत होता. लहानपणी वाचलेली चित्रांची पुस्तकं त्यांच्या डोक्यातून गेलीच नव्हती. कोल्हापुरातून आपली मराठी चित्रकथा निघाली पाहिजे, आणि तिच्यात तलवार घेतलेली बाई पाहिजे, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तिचं नावही त्यांनीच शोधलं होतं. असिलता. म्हणजे तलवारीचं पातं. छापखान्यातले कामगार तिला 'अशी लता' म्हणायचे आणि अण्णांची पाठ वळली की "अशी कशी लता?" म्हणून हसायचे.

माझं अक्षर चांगलं म्हणून चित्रांतल्या फुग्यांमध्ये संवाद लिहायचं काम मला मिळालं. पेंटर मला 'अक्षरबाई' म्हणायला लागले. ते स्वतः मूळचे सिनेमाच्या बॅनरचे पेंटर. थिएटरवर चढणारे ते मोठमोठे चेहरे आयुष्यभर रंगवलेले. परांचीवर उभं राहून, वरून खालच्या पोरांना ओरडून सांगायची सवय, म्हणून आवाज तसा. खुर्चीवर त्यांना बसताच येत नसे. जमिनीवर मांडी घालायची, गुडघ्यावर फळी घ्यायची आणि काढायचं. कपडे मात्र पांढरेशुभ्र. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि त्यावर रंगाचा एक ठिपका नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रंगात काम करणाऱ्यानं पांढरंच घालावं. हात ताब्यात ऱ्हातो."

सुरुवातीला त्यांना लहान काढणं जमत नव्हतं. असिलतेचा एक डोळा काढला की चौकट भरायची. अण्णा डोक्याला हात लावायचे. "पेंटर, हे थेटर न्हाई. पोरं मांडीवर घेऊन वाचणार हायत."

"मग पोरांनी मांडी मोठी करावी की," पेंटर म्हणायचे. पण हळूहळू त्यांनी हात आवरला. आणि ती बाई जेव्हा पहिल्यांदा अख्खी कागदावर उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळेच हातातलं काम टाकून बघायला लागलो. कमरेला खोचलेलं नऊवारी, हातात सरळ तलवार, आणि चेहरा असा की तिच्याकडं बघताना आपलीच मान ताठ व्हावी. संवाद अण्णांचे होते, भारी भारी शब्दांचे. 'हे दुष्टा, तुझी घटिका भरली!' असं मी फुग्यात लिहायला घेतलं की पेंटर बाजूनं पुटपुटायचे, "ही असं बोलणार न्हाई. ही निस्ती 'गप बस' म्हणणार."

पहिल्या अंकाची गोष्ट अशी: एका राक्षसानं एका गावातल्या माणसांच्या सावल्या पळवून नेलेल्या असतात. त्या परत आणायच्या तर देवीची तलवार पाहिजे, आणि ती तलवार आगीच्या भिंतीपलीकडं. असिलता त्या आगीतून चालत जाते आणि तलवार घेऊन परत येते. मुखपृष्ठावर तेच चित्र होतं. मागं ज्वाळा, पुढं ती. केसाची बटसुद्धा जळलेली नाही.

अंक चालला. पेठांमधल्या पोरी लाकडी पट्ट्या घेऊन गल्लीत एकमेकींच्या अंगावर धावायला लागल्या. स्टँडवरच्या स्टॉलवाल्यानं जादा प्रती मागितल्या. अण्णांनी सगळ्या छापखान्याला पेढे वाटले आणि आईला दाखवायला अंक आजऱ्याला नेला. त्या आठवड्यात ते जमिनीवरून चालत नव्हतेच म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या अंकाची पहिली पानं पेंटरनी आणून दिली आणि अण्णांचा चेहरा उतरला. असिलतेच्या डाव्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याची मोठी खूण होती. कातडी ओढलेली, चुरगळलेली. चित्र इतकं खरं होतं की मी पान उलटं करून ठेवलं.

"हे काय, पेंटर?"

"आगीतनं गेलती न्हवं? मग?"

"देवीचा आशीर्वाद हाय तिला! तिला आग लागत न्हाई!"

"आशीर्वाद असंल. कातडं माणसाचंच हाय की."

अण्णांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. पेंटर मांडी घालून बसले होते ते तसेच बसून राहिले. मुदत जवळ आली होती, जाहिरात गेलेली होती. अंक तसाच निघाला.

त्याच महिन्यात पुढच्या अंकाची पानं आणायला मला मंगळवार पेठेत त्यांच्या घरी जावं लागलं. बोळातलं दोन खोल्यांचं घर. मी हाक मारली तर आतून एका बाईचा आवाज आला, "आबा बाहीर गेल्यात. आत ये." मी आत गेले. खिडकीपाशी शिलाई मशीनवर माझ्याहून थोडी मोठी एक मुलगी बसलेली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत मागं सारला. डावा गाल, मान, आणि मशीनवरच्या डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. मी चित्रात बघितलेलं सगळं तिथं होतं.

पेंटरना मुलगी आहे हे छापखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्यांच्या अंगावरच्या खुणा विचारत फिरणाऱ्या माणसाला कुणी त्याच्या घरचं काही विचारलंच नव्हतं.

"बस की," ती म्हणाली. मग माझी नजर जमिनीकडं गेलेली बघून स्वतःच बोलली, "सासरी झालं. स्टोव्हचा भडका. पोलिसांच्या कागदावर तसंच लिवलंय."

मी अंकाचा विषय काढला. वाचता का, म्हणून विचारलं.

"वाचते की. पयला अंक आबांनी आणून दिला. मी सहज म्हटलं, हिला काय लागतच न्हाई व्हय? आगीतनं जाऊन आली तरी." तिनं धागा दातानं तोडला. "मी हसत म्हटलं. त्यांनी मनाला लावून घेतलं."

मी तिला अक्का म्हणायला लागले आणि पानं आणण्याच्या निमित्तानं जातच राहिले. ती बोळाबाहेर पडत नसे. आई आधीच वारलेली. किराणा, दूध, दवाखाना सगळं पेंटर बघायचे. शेजारणी साड्या फॉलला आणून द्यायच्या आणि दारातूनच जायच्या.

तिसऱ्या अंकात असिलतेच्या कानाची पाळी तुटली. चौथ्यात ती लंगडायला लागली. इतर चित्रकथांमध्ये वीराला बाण लागतो आणि पुढच्या पानावर तो धडधाकट असतो. पेंटरच्या असिलतेला जे लागलं ते लागलंच. ती लढाई जिंकायची, सावल्या परत मिळवायची, पण गावात परतताना आधीपेक्षा जरा जास्त मोडलेली असायची. आता मागं वळून बघताना वाटतं, आपल्याकडं असं काही त्याआधी कुणी काढलं नसेल. पण ते पुस्तक दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी होतं. पोरांची पत्रं यायला लागली. असिलता परत सुंदर कधी होणार? एका पोरीनं लिहिलं होतं की मी चित्र बघून झोपेत रडले आणि आता आई अंक घेऊ देत नाही. स्टॉलवाले गठ्ठे परत पाठवायला लागले. घरोघरी केबल आली होती, पोरं टीव्हीपुढं बसत होती, तेही कारण असणारच. पण अण्णांना एकच कारण दिसत होतं.

"पेंटर, तिचं तोंड साफ करा," ते म्हणाले. "गोष्टीतच करू. देवी प्रसन्न झाली, तळ्यात अंघोळ केली, सगळं गेलं. मी लिवतो."

"कुठलं तळं?"

"कुठलं म्हणजे?"

"मला सांगा, कुठं हाय त्ये तळं. मी न्हेतो." पेंटरचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आला होता. अण्णांना त्यांच्या घरचं माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि अक्कानं कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी फुग्यातली अक्षरं भरत राहिले.

पाचव्या अंकाचं मुखपृष्ठ अण्णांनी परस्पर दुसऱ्याकडून बदलून घेतलं. चित्र पेंटरचंच होतं, एका होतकरू पोरानं त्यावर नुसता गाल आणि मान नव्यानं रंगवली होती. गुळगुळीत, गुलाबी. वाईट काम नव्हतं. अंक छापून खालच्या गोदामात येऊन पडला तेव्हा पेंटरना कळलं.

ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. घरी गेले, बॅनरच्या ऑइल पेंटचे डबे घेऊन आले, गोदामात मांडी घातली आणि पहिला गठ्ठा सोडला. एक अंक घेतला, बारीक ब्रशनं असिलतेच्या गालावर तो व्रण काढला आणि अंक बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला.

अण्णा खाली आले. दारात उभे राहिले. "पेंटर, किती करशीला? गठ्ठे बघा की जरा."

"हुतील तेवढं."

अण्णा बराच वेळ उभे होते. त्यांनी माणसं बोलावून गठ्ठे उचलून नेले असते तरी चाललं असतं, अंक त्यांचेच होते. पण ते वर गेले आणि थोड्या वेळानं त्यांनी खाली दोन चहा पाठवले. दुसरा माझ्यासाठी होता. मी पेंटरच्या शेजारी बसले होते. चकचकीत कागदावर तो रंग वाळत नव्हता. अंक एकावर एक ठेवले की चिकटायचे, म्हणून मी ते जमिनीवर एकेक करून पसरत होते. बघता बघता गोदामाची फरशी दिसेनाशी झाली. जिकडं बघावं तिकडं तीच बाई, आणि सगळ्यांचे गाल ओले.

रंगवता रंगवता पेंटर बोलायला लागले. माझ्याकडं न बघता.

"दिवाळीला आलती. म्हटली, आबा, मी परत जात न्हाई. मी विचारलं, मारतो काय? तर गप. मग मी म्हटलं, ऱ्हा चार दिस, मग सोडतो. चार दिसांनी म्हटली, न्हाई जात." ब्रश थांबला नव्हता. "शुक्रवार हुता. नवा पिक्चर लागणार, बॅनर चढवायचं हुतं. पोरांच्या हातनं ते सरळ चढत न्हाई. मी म्हटलं, चल, उगं येळ घालवू नगं. एस.टी.नं सोडली तिच्या दारात आणि त्याच गाडीनं माघारी आलो. बॅनर चढवलं." त्यांनी अंक बाजूला ठेवला, दुसरा घेतला. "सरळ चढलं. लई लोकांनी नावाजलं."

पुढं महिनाभरातच निरोप आला होता. तेवढं त्यांनी सांगितलं नाही, ते मला अक्काकडून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. घरी फक्त झोपायला जात. त्या पांढऱ्या सदऱ्यावर पहिल्यांदा तपकिरी डाग पडले होते. हात थरथरायला लागला होता आणि व्रण आधीसारखे येत नव्हते, नुसते फराटे उठत होते. मी दोनदा म्हटलं, पेंटर, आता राहू दे. त्यांनी ऐकलं नाही.

दुपारी दारात उजेड अडला म्हणून मी वर बघितलं. अक्का उभी होती. मंगळवार पेठेतून शाहूपुरीपर्यंत चालत आली होती, पदर तोंडावरून घट्ट ओढून, हातात जेवणाचा डबा. घरात कोंडून घेतल्यानंतर ती पहिल्यांदा रस्त्यावर आली असणार. छापखान्यातले दोघंतिघं तिच्या मागं थबकून बघत होते. पेंटर तिला बघून धडपडत उठले. त्यांना वाटलं असावं की हे सगळं बघून तिला बरं वाटेल. निदान त्यांच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी होतं, हातानं काढलेलं चित्र आईला दाखवणाऱ्या लहान मुलासारखं.

अक्कानं फरशीवर पसरलेल्या त्या सगळ्या बायका बघितल्या. ओले, भाजलेले गाल. मग बापाच्या हातातला ब्रश बघितला.

"आणि किती जणींना भाजणार, आबा?" ती म्हणाली.

मोठ्यानं नाही. डबा तिनं दाराशी ठेवला आणि आली तशी निघून गेली.

पेंटरनी ब्रश डब्यात टाकला. मग अंकांवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं गोदामाबाहेर गेले. त्यांनी असिलता पुन्हा काढली नाही. अण्णांनी दुसऱ्या चित्रकारांकडून दोन-चार पानं करून बघितली, पण ती बाई उभीच राहिना. पाचवा अंक अर्धा रंगवलेला, अर्धा गुळगुळीत असा कसाबसा बाजारात गेला. चिकटलेले अंक परत आले. मालिका तिथं संपली. अण्णा परत लग्नपत्रिका छापायला लागले. पेंटरविषयी ते कधी वाईट बोलले नाहीत. नंतर कुणीतरी त्यांना पेंटरच्या मुलीचं सांगितलं, तेव्हा मात्र दिवसभर ऑफिसचं दार लावून बसले होते.

पेंटरचे पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. गावात फ्लेक्स आले आणि हातानं रंगवलेल्या बॅनरची गरजच संपली. ते ट्रकच्या मागं नावं लिहायचे, टपऱ्यांवर दरपत्रकं लिहायचे. मग हाताची थरथर वाढली आणि तेही गेलं. मी लग्नानंतर कोल्हापुरातच होते, एका शाळेत शिकवत होते. कधी बाजारात गाठ पडली तर ते माझ्याकडं बघून हसायचे. पण आता ते कुणाला काही विचारत नसत.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता. अक्का मशीनपाशीच बसली होती. केस पांढरे झाले होते. मी तिच्याजवळ बसले आणि अशा वेळी माणसं जे बोलतात तेच बोलले. की त्यांचा तुझ्यावर फार जीव होता, त्यांनी तुझ्यासाठी काय काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

"केलं की," अक्का म्हणाली. "न्हाई कुठं म्हटलं?"

थोड्या वेळानं तिनं स्वतःच सांगायला सुरुवात केली. "रोज संध्याकाळी म्हशींच्या कट्ट्यावरनं माझ्यासाठी ताजं पिळलेलं दूध आणायचे. तांब्या ठेवायचे आणि तसंच उभं ऱ्हायचे. कशासाठी ते मला कळायचं. मी एकदा म्हणावं, जाऊ दे आबा, झालं ते झालं. तेवढंच पायजे हुतं त्यांना. इतकी वर्षं उभं ऱ्हायचे बघ." तिनं मांडीवरची साडी सरळ केली. "मी म्हटलं न्हाई."

"कधीच?"

"शेवटाला तर बोलणं गेलतं. निस्तं बघत ऱ्हायचे माझ्याकडं. मी पाणी पाजलं, अंग पुसलं, सगळं केलं. तेवढं न्हाई म्हटलं."

मी विचारलं, "राग होता?"

"राग कवाच गेला. पण मनात नसलेलं कसं म्हणायचं? त्या दिशी मी दाराची चौकट धरून उभी हुते. जात न्हाई म्हणून रडत हुते. आबांनी माझी पिशवी उचलली आणि बाहीर जाऊन उभं ऱ्हायले. बस, तेवढंच. त्यांच्यासाठी मला लई वाईट वाटायचं. पण ती पिशवी काय मला शेवटपर्यंत त्यांच्या हातनं काढून घेता आली न्हाई."

तेवढ्यात बोळातल्या दोघी बायका भेटायला आल्या. अक्कानं त्यांना बसायला सतरंजी सरकवली. त्यातली म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लई जीव हुता गं बाई तुज्यावर तुज्या बाचा."

"व्हय," अक्का म्हणाली. "लई हुता." आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.